बसल्या बसल्या अठ्ठ्याण्णव

मी जन्मजात आळशी आहे, हे आधीच कबूल केलेलं बरं. पुढची सगळी भानगड त्यातूनच झाली.

रायपूरच्या एका सरकारी दफ्तरात मी बाबू होतो. नोकरीचा निम्मा काळ काम टाळण्यात गेला आणि उरलेला निम्मा ते टाळल्याचं लपवण्यात. सुट्टीसाठी मी माझ्या एका मावसकाकांना दोनदा मारलं. दुसऱ्या अर्जावर सही करताना आमच्या बड़े बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "ये वाले पिछली बार ठीक से नहीं गुज़रे थे क्या?" विचारलं, आणि तरीही सही केली. भला माणूस. मावसकाका अजून अमरावतीला आहेत, नव्वदीचे, ठणठणीत. त्यांना कळलं तर तेच मला मारतील.

घरीही माझी कीर्ती हीच. ब्राह्मणपाऱ्यात आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो; पारा म्हणजे इकडचा मोहल्ला. खाली भांड्यांचं दुकान, बाजूने उभा जिना, एकोणीस पायऱ्या. दर रविवारी गव्हाचा डबा चक्कीवर न्यायचा आणि पीठ घेऊन वर यायचं, एवढं एकच काम बायकोने माझ्याकडे दिलं होतं. रविवार उजाडला की माझी कंबर धरायची आणि सोमवारी सुटायची. "तुमची कंबर कॅलेंडर पाहून दुखते," ती म्हणायची आणि डबा स्वतः उचलायची. मी कण्हत पेपर वाचायचो.

एका गोष्टीत मात्र मी कधी अंग चोरलं नाही. ती गोष्ट म्हणजे आरती.

आमची माणसं मूळची विदर्भातली. कुणाचे आजोबा रेल्वेत लागले, कुणाचे कचेरीत, आणि असे सगळे रायपूरला येऊन राहिले. पोरं आता हिंदीत भांडतात, पण महालक्ष्म्या बसल्या की सगळं गोत आमच्या दोन खोल्यांत जमतं. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी, सगळं तयार असतं आणि भुकेल्या माणसांना आधी आरतीला उभं करतात. आरत्यांमधली शेवटची एक आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिच्यात देवाला हाक मारायची जागा येते. तिथे टाळ थांबतात, टाळ्या थांबतात, आणि हाकेचा शेवटचा सूर ज्याच्या अंगात जितका दम असेल तितका लांबवायचा. एकेक जण गळत जातो. म्हातारे आधी, मग सिगरेटवाले, मग मंडळी दोघांवर येते.

आमच्या घरी ते दोघे म्हणजे मी आणि माझा साडभाऊ. हा रेल्वेत गार्ड होता, गुढियारीत राहतो. सारा जन्म शिट्टी फुंकण्यात गेला, त्यामुळे छाती भक्कम. दरवर्षी दारातून आत येतानाच विचारायचा, "काय साडभाऊ, दम हाये का यंदा?" आणि दरवर्षी त्याचा चेहरा वांग्यासारखा जांभळा होऊन तो आधी सुटायचा. मी त्यानंतरही थोडा वेळ सूर धरून ठेवायचो, निव्वळ त्याला चिडवायला. बायका आतून ओरडायच्या की पुरण थंड होऊन राहिलं, देव आला असेल आता, सोडा. तीस वर्षांत मी एकदाही हरलो नाही. मला आयुष्यात याच्याखेरीज एकही बक्षीस मिळालेलं नाही, आणि हेही बक्षीस नव्हतंच, पण मला ते पुरत होतं.

मग कोरोनाची दुसरी लाट आली आणि मी आडवा झालो. अकरा दिवस ऑक्सिजनच्या नळीला जोडलेला होतो. पडून राहण्याचा मला कंटाळा येऊ शकतो, हे तिथे पहिल्यांदा कळलं. शेजारच्या दोन खाटा माझ्यासमोर रिकाम्या झाल्या आणि दोन्ही वेळा मी भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेतलं. त्याबद्दल मी आजवर कुणाशी बोललो नाही, इथेही एवढंच बोलतो.

घरी आलो तेव्हा अख्खा पारा गॅलऱ्यांत उभा होता. कुणी नारळ फोडला. रिपोर्ट निगेटिव्ह, माणूस बरा. बायकोने महिनाभर मला राजासारखं ठेवलं. मूगडाळीचं पाणी, हळदीचं दूध, आणि तिच्या बहिणीने, म्हणजे साडभाऊच्या बायकोने, पाठवलेला गुळवेलीचा काढा, ज्यापेक्षा रोग बरा होता. मी मनात म्हटलं, चला, आता आयुष्यभराची सोय झाली.

महिन्याने तिने डबा पुढ्यात ठेवला. "उद्या रविवार हाये."

आणि गंमत अशी की त्या रविवारी मी खरंच गेलो. जीव वाचल्याच्या आनंदात माणूस काहीही करतो. जाताना उतार होता, चक्कीवर बसायला बाक होता, सगळं ठीक. येताना पिठाचा डबा घेऊन जिना चढलो आणि नवव्या पायरीवर छातीचं दार कुणीतरी आतून लावून घेतलं. श्वास येत होता, पण पुरत नव्हता. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी डबा ठेवला आणि तिथेच बसलो.

वरून बायको म्हणाली, "काहून बसले तिथं?"

"दम लागला."

"लागला का? पहिल्याच रविवारी?" ती खाली आली, माझ्या शेजारचा डबा उचलला आणि वर निघून गेली. जाता जाता म्हणाली, "तुमचा दम आम्ही आरतीत पाहिला हाये."

आता यात तिची काय चूक? तीस वर्षं लांडगा आला रे म्हणून ओरडलेला माणूस मी. तरी ती न्यायाने वागली. घरात बोटाला लावायचं ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र होतं. मी पलंगावर पडलेला असताना तिने ते लावलं. अठ्ठ्याण्णव. "उठा," ती म्हणाली. समता कॉलनीतल्या एका डॉक्टरकडेही नेलं. त्या काळात डॉक्टर बिचारे आमच्याहून थकलेले. त्याने मला खुर्चीत बसवलं, बोटाला यंत्र लावलं. अठ्ठ्याण्णव. छातीचा फोटो पाहिला, तोही बरा होता. "सब नॉर्मल है. थोड़ी कमज़ोरी है, मन बहलाइए." बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता इथेच मन बहलवते.

बसल्या बसल्या तर मी नेहमीच उत्तम असतो हो. माझी सगळी हयातच त्यात गेली आहे.

पाऱ्यात माझ्यासारखे आणखी होते. पानवाल्याला वास येणं बंद झालं होतं. तो पानाला इतका किमाम लावायचा की गिऱ्हाईक चक्कर येऊन त्याच्याच स्टुलावर बसायचं. खालचा भांडेवाला कढईचा भाव सांगता सांगता मध्येच थांबायचा आणि कढईकडे बघत राहायचा, जणू ही कुठून आली. समोरच्या शिक्षिकाबाईंचे केस मूठमूठ गळत होते. आम्ही सगळे बरे झालेले होतो, कागदावर आमच्यात काही खोट नव्हती. फरक इतकाच की त्या लोकांचं घरचे ऐकत होते, कारण आजाराआधी ते खरं बोलायचे.

पावसाळाभर हे चाललं. मी दमलो म्हणायचो, ती "हव" म्हणायची. छत्तीसगढी हव, म्हणजे हो. पण तिच्या हवमध्ये नुसता नकार भरलेला असायचा. आंघोळ करून आलो की मला पलंगावर टेकावं लागे. दफ्तराच्या दुसऱ्या मजल्यावर मी दोनदा थांबून पोचायचो. बड़े बाबू म्हणायचे, "अब तो ठीक हो गए न आप?" त्यांचंही बरोबर होतं. ज्याने मावसकाका दोनदा मारला, त्याला स्वतःची फुफ्फुसं मारायला काय लागतं.

मला या सगळ्याचं वाईट वाटत होतं, हे सांगायला हवं. दफ्तराचं नाही, दफ्तर गेलं खड्ड्यात. पण बायकोचं वाटत होतं. हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर अकरा दिवस बसलेली बाई माझं ऐकत नव्हती आणि तिला दोष देण्याची मला सोय नव्हती.

महालक्ष्म्या जवळ आल्या तशी माझ्या लक्षात एक सोपी गोष्ट आली. आरतीत मी सरळ हरलो असतो, दोन क्षणांत सूर सोडला असता, तर काही सांगायची गरजच उरली नसती. सगळ्यांनी पाहिलं असतं. बायकोने पाहिलं असतं. एवढा मोठा पुरावा आयता घरी चालून येत होता.

आणि मला ते जमेना. आळशी म्हणा, खोटारडा म्हणा, बायकोने रोज म्हणावं. पण साडभाऊसमोर हरायचं? पुरावा नको, इज्जत राहू दे, असं ठरवून मी तीस वर्षांच्या अनुभवाला शोभेल असा मार्ग काढला. लबाडी.

हॉस्पिटलातून येताना तीन चेंडूंचं एक यंत्र दिलं होतं, नळीने श्वास ओढायचा आणि चेंडू वर उचलायचे. मी ते बाथरूममध्ये नेऊन सराव करू लागलो. पहिला चेंडू उठायचा, दुसरा थरथरायचा, तिसरा सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा जागचा हलायचा नाही. तेव्हा मी मुलीला गाठलं. अठरा वर्षांची पोट्टी, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. तिला म्हटलं, तू माझ्यामागे चिकटून उभी राहा, मी सूर धरला की तूही हळूच धर, माझा सुटला की तुझा चालू ठेव, मी तोंड उघडं ठेवतो.

"बाबा, ये तो सरासर चीटिंग है."

"चार प्लेट गुपचुप."

गुपचुप म्हणजे आमच्याकडची पाणीपुरी. ती विचारात पडली. मग म्हणाली, "हफ़्ते में चार."

जेवणाचा दिवस आला. साडभाऊ दारातून म्हणाला, "काय साडभाऊ, दम हाये का यंदा?" मी म्हटलं, "तूच सांभाळ." आरत्या सुरू झाल्या. मी आधीच्या सगळ्या आरत्यांत नुसते ओठ हलवले, दम राखून ठेवला. ती जागा आली. टाळ थांबले. मी छाती भरली आणि हाक सोडली.

पहिले काही क्षण झकास गेले. म्हातारे गळले. सिगरेटवाले गळले. आणि मग ते दार लागलं, नवव्या पायरीवरचं. माझा सूर तुटला नाही, विझला. मी ठरल्याप्रमाणे तोंड उघडं ठेवलं.

आणि माझ्या उघड्या तोंडातून अठरा वर्षांच्या पोरीचा, स्वच्छ, एक सप्तक वरचा आवाज येऊ लागला.

याचा विचार मी कसा केला नव्हता, मला आजही कळत नाही. मुलगी मन लावून गात होती, गुपचुपचा प्रश्न होता. साडभाऊने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, त्याचा सूर फुटून हसू झालं, तो देव्हाऱ्यासमोरच खाली बसला. सगळं घर हसू लागलं. काय नंबरी माणूस आहे, आरतीतही नाटक! मीही हसायचा प्रयत्न करत होतो, पण हसायलाही श्वास लागतो. मी भिंत धरून उभा होतो.

एकटी बायको हसली नाही. ती पुरणाचा हात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने मुलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तो मी भिंतीपाशी उभा राहून पाहिला.

दुसऱ्या दिवशी ती मला पुन्हा त्याच डॉक्टरकडे घेऊन गेली. त्याने सवयीने यंत्र काढलं. बसल्या बसल्या अठ्ठ्याण्णव. तो कागद लिहायला लागला तसा तिने कागदावर हात ठेवला.

"डॉक्टर साहब," ती म्हणाली, तिच्या नागपुरी हिंदीत, "ये आदमी पक्का झूठा है. मैं स्टाम्प पेपर पे लिख के देती. हर बात में झूठ बोलता. पर आरती में इसने आवाज़ छोड़ी. वो ये कभी नहीं छोड़ता."

माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही.

डॉक्टरने पेन ठेवलं. त्याला आरतीचं काही कळलं नसावं, पण बाईचं कळलं. त्याने मला यंत्र लावून बाहेरच्या लांब बोळात चालायला सांगितलं, सहा मिनिटं, न थांबता. बायको शेजारी चालत आकडे वाचत होती. शहाण्णव. त्र्याण्णव. भिंतीपर्यंत जाऊन वळलो. नव्वद. तिचा आवाज बारीक होत गेला. सत्त्याऐंशीला तिने मला दंडाला धरून थांबवलं, डॉक्टरला विचारलंही नाही.

फुफ्फुसांवर जुन्या मारामारीचे व्रण आहेत, डॉक्टर म्हणाला. बसलं की भागतं, चाललं की उघडं पडतं. महिने लागतील, काहींना अधिक. पूर्ण भरून येईल की नाही, हे आजच सांगता येत नाही. हे आपणच आधी पाहायला हवं होतं, असंही म्हणाला, आणि मला तो माणूस आवडला.

खाली स्कूटरपाशी आलो. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. बायको हँडलला धरून उभी राहिली आणि रडू लागली. "मी तुमाले डबा उचलायले लावला," ती म्हणाली. "हर रविवारी." मी म्हटलं, अगं, मी हर रविवारी नाही उचलला, तीन-चारदाच, बाकीच्या वेळी खरंच कंबरेचं नाटक होतं. तर ती आणखीच रडली.

त्यानंतर मला हवं ते सगळं मिळालं. डॉक्टरी चिठ्ठीवर आळस. दफ्तरात बड़े बाबूंनी मला तळमजल्यावर बसवलं. डबा न्यायला साडभाऊ गुढियारीहून स्कूटरवर येऊ लागला, शिव्या देत, पण दर रविवारी. पुढच्या वर्षी आरतीत मी सुटलो आणि तो लगेच माझ्यामागून सुटला. खोकला आला म्हणे. इतक्या बरोबर वेळी गार्डाला खोकला येत नाही.

फक्त बायको बदलली. ती माझ्यावर विश्वास ठेवू लागली. मी उसासा टाकला की तिच्या हातातलं काम थांबायचं. मी जिना चढताना ती एक पायरी मागे, माझ्या पाठीवर हात ठेवून. बहिणीकडे राहायला जाणं तिने बंद केलं. टोमणे बंद झाले. तीस वर्षं जिने मला धारेवर धरलं, ती आता माझ्याशी हळू आवाजात बोलायची, आणि मला तिची आधीची तोफ आठवून भरून यायचं. माझ्या छातीपेक्षा तिचा चेहरा मला जड जाऊ लागला.

ही गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी आता बराच बरा आहे, पण काही दिवस वाईट येतात, न सांगता येतात. एका रविवारी साडभाऊ गावाला गेलेला. बायको पूजेला बसली होती. मला काय सुचलं देव जाणे, मी गुपचूप डबा उचलला, चक्कीवर गेलो, दळून आणलं. आलो तेव्हा स्वतःवर खूश होतो. नवव्या पायरीपर्यंत खूश होतो.

डबा ठेवून बसलो. वरून ती दिसली, आणि ती जिना उतरली ते पायऱ्या मोजत नाही, घसरतच. हातात यंत्र. माझ्या बोटाला लावलं. आकडाच येईना. तिने झटकलं, पुन्हा लावलं. मग आठवलं, त्यातले सेल मुलीने टीव्हीच्या रिमोटला घातले होते. यंत्र तिच्या हातून सुटून पायऱ्यांवरून खाली टकटक करत गेलं.

ती माझ्यासमोर बसली. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "नाटक करून राहिले ना तुम्ही?"

हा प्रश्न तिने मला शेकडो वेळा विचारला असेल. इतक्या आशेने कधी विचारला नव्हता.

आत श्वास होता थोडासा. मी तो गोळा केला, चेहरा जमेल तितका निर्लज्ज केला आणि म्हटलं, "मग काय? म्हटलं इथं बसतो, डबा वर तू नेशील."

तिने माझ्या खांद्यावर सणसणीत चापट मारली. "खोटारडे कुठले! जीव घेतला ना माझा!" आणि पदराने डोळे पुसत हसली, मनापासून, कितीतरी महिन्यांनी. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत तिने डबा उचलला आणि तावातावाने वर गेली. स्वयंपाकघरातून मला तिची बडबड ऐकू येत होती, जुन्या आवाजातली.

मी नवव्या पायरीवर भिंतीला टेकून बसलो, श्वास परत येईपर्यंत. त्या एका वाक्याला मला जितका दम लागला, तितका तीस वर्षांच्या आरत्यांत कधी लागला नव्हता.